फिद्दाची शिडी

सनाबिल वर्गातून गेली असती तर नजमियाबाईंच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं.

खिडकी पडली असती. आमच्या ऐन सरीसच्या शाळेत तिसरीच्या वर्गाची एकच खिडकी धड उघडते, आणि बाई नोकरीला लागल्या तेव्हापासून त्यांचं टेबल तिच्याखाली होतं. उन्हाळ्यात वारा, हिवाळ्यात ऊन, आणि रस्त्यानं कोण कुणाच्या घरी जातं ते बसल्या जागी दिसायचं. या वर्षी शाळा उघडली तेव्हा ते टेबल भिंतीशी सरकवावं लागलं, कारण वर्गात दुसरं टेबल आलं. दुसरं टेबल आलं कारण दुसऱ्या शिक्षिका आल्या, विजदान नावाच्या. आणि त्या आल्या कारण वर्गात तीन मुलं अशी निघाली, की डोकं ठीक, कान ठीक, डोळे ठीक, पण अक्षर समोर आलं की पाय अडखळायचा. सत्ताम, बिशर आणि सनाबिल. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीनं ठरवलं, यांना वेगळं काढायचं नाही, वर्गातच ठेवायचं, आणि वर्गाला दोघीजणींनी मिळून शिकवायचं.

तिघांत जास्त अडत होती ती सनाबिल. तिला शहरातल्या वेगळ्या शाळेत धाडलं, की उरलेल्या दोघांसाठी दुसरी शिक्षिका कचेरीला परवडणार नव्हती. म्हणजे सनाबिल गेली की विजदान जाणार, विजदान गेली की दुसरं टेबल जाणार, आणि खिडकी परत. शिवाय वर्गात पुन्हा एकच आवाज. शिवाय तालुक्यात तिसरीचा निकाल पहिला यायचा तो पुन्हा पहिला येणार. जैतूनची उतरवणी, म्हणजे झाडांवरची फळं काढून घेणं, आटोपलं की कचेरीतल्या बाई येऊन वर्ग बघणार होत्या आणि नजमियाबाईंना विचारणार होत्या, पोरगी ठेवायची की पाठवायची. बाईंचं उत्तर तयार होतं.

खर्चाच्या बाजूला त्यांना काहीच दिसत नव्हतं. एवढ्या हिशेबी बाई, पण एक रकम धरायला विसरल्या. सनाबिलच्या आईचं नाव फिद्दा, आणि फिद्दाकडे शिडी होती.

*

विजदान मफ्रककडची. तिकडे वाळवंटाचा काठ लागतो, झाड दिसलं तर लोक गाडी थांबवून बघतात. सडपातळ मुलगी, पायात पळायचे बूट, चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावर जास्त. गावात म्हातारी शाहाच्या घरी तिनं खोली घेतली होती. पहिल्याच दिवशी नजमियाबाईंनी तिला मागच्या कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या,

"हे बघ मुली, झाड मी उतरवते. मग राहील ते तू वेच."

आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा या बोलण्याचा अर्थ कळला असता. मालकानं आपलं झाड उतरवून शिडी उचलली, की पानाआड चुकून राहिलेलं, मातीत पडलेलं, सुरकुतलेलं वेचायला ज्यांना झाडं नाहीत त्या बायका येतात. त्याला वेचणी म्हणतात. वेचणीचं तेल दिव्याला आणि साबणाला. पण विजदानला वाटलं, आपल्याला कामाचा वाटा मिळाला. ती हसून म्हणाली, "बरं बाई."

मग तसंच सुरू झालं. बाई धडा पुरा करायच्या, फळा पुसायच्या, हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "घे तुझी." तिघं दप्तरं उचलून कोपऱ्यात. बाकीची मुलं माना वळवून बघायची. आठवड्याभरात वर्गात त्या तिघांचं नाव पडलं, वेचणी. बाईंनी ऐकलं होतं. रागावल्या नाहीत. नाव चपखल होतं, असं त्यांना वाटलं असावं.

कोपऱ्यात विजदाननं पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यात एका ओळीपुरती फट पाडली होती. ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीच्या झाकलेल्या. सनाबिलला ती पट्टी फार आवडली. एरवी तिच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिला शब्द हातातून निसटायचा. गोष्ट मात्र एकदा ऐकली की ती आवाजांसकट सांगायची, त्यातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्यासकट.

पण वर्गात पुढं उभं करून तिला वाचायला लावलं की निराळंच व्हायचं. तिनं "जै" म्हणायला ओठ उघडले की नजमियाबाईंच्या तोंडून "जैतून" बाहेर पडलेलं असायचं. तिनं पुढच्या शब्दावर बोट ठेवलं की तोही बाईंनी म्हटलेला. मुद्दाम नव्हे. दार अर्धवट उघडं दिसलं की जसं कुणी ढकलून देतं, तसा हा बाईंच्या जिभेचा स्वभाव होता.

*

या वर्षी उतरवणी लागली तसा पूर्वेचा कोरडा वारा सुटला. दोन दिवस तो वारा राहिला की जैतूनच्या दाण्याची कातडी आवळते आणि देठ सुटतात. जमिनीवर पडलेल्या दाण्याचं तेल आंबूस होतं. सगळ्या गावाची धांदल उडाली.

नजमियाबाईंची झाडं उतारावर, दगडी बांधाच्या आत. थोरला गालिब कुवेतला, धाकटा त्याच्याच मागं गेला. दोघं हंगामात फोनवर झाडांचे फोटो मागवतात आणि त्याखाली हृदयाची चित्रं पाठवतात. घरी उरले नवरा-बायको. नवरा अबू गालिब, म्हणजे गालिबचा बाप, फौजेतून निवृत्त. एक गुडघा पार बसलेला, पण आवाज अजून परेडचा. दर वर्षी फिद्दाचं घर आधी यांची झाडं उतरवून द्यायचं आणि मग हे दोघं फिद्दाकडे राबायचे. देणं-घेणं अंगमेहनतीचं, तोंडी, आणि कुणी मोजत नसे.

शुक्रवारी सकाळी फिद्दा आली. खांद्यावर तिच्या बापानं सफेद्याच्या झाडाच्या हलक्या लाकडाची केलेली तीन पायांची शिडी. गावात इतर शिड्या आहेत, पण उतारावर डगमगत नाही अशी हीच. सोबत सनाबिल होती. तिचा नवरा, ज्याला गाव मुलाच्या नावानं सादचा बाप म्हणतं, पाण्याचा टँकर घेऊन गेलेला. फिद्दा वर चढली आणि बोटांची फणी करून फांदी विंचरायला लागली. दाणे खालच्या ताडपत्रीवर टपटपायला लागले.

"डावी फांदी! डावी!" खालून अबू गालिबनं हुकूम सोडला.

"अबू गालिब, तुमची डावी की माझी?"

"झाडाची!"

"झाडाला विचारते मग." फिद्दा हसली.

नजमियाबाई खालच्या फांद्या घेत होत्या. मुलं ताडपत्रीवर बसून पानं-काड्या निवडत होती. सनाबिल होती, बाईंच्या चुलतदिराचा रद्दाद होता. रद्दाद तिच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा. सनाबिल त्याच्या ढिगाशी सरकली तसा तो म्हणाला,

"ए, वेचणी! तिकडं बस. उतरवणीच्या ताडपत्रीवर वेचणी बसत नाही."

वरचा टपटपाट थांबला.

"काय म्हणाला हा?"

सनाबिल पान चुरगळत म्हणाली, "काही नाही, आई. वर्गात आम्हा तिघांना तसंच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे. नजमिया मिससुद्धा ऐकतात ना."

फिद्दानं पानांतून खाली पाहिलं. बाई अचानक फार बारीक काड्या निवडायला लागल्या होत्या.

"पोरं काहीही बोलतात गं," त्या म्हणाल्या.

"आणि आई," सनाबिलचं चालूच होतं, "मला शहरातल्या शाळेत पाठवणार आहेत. रद्दादची आई म्हणत होती. बसमध्ये झोपायला मिळतं का?"

आता फांदीसुद्धा हलेना. फिद्दा शिडीवरून एकेक पायरी उतरली. खाली आली आणि डोक्याला बांधलेलं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"गालिबच्या आई, हे खरं?"

"ठरलं कुठंय? कचेरीच्या बाई येतील, मला विचारतील."

"तुम्ही काय सांगाल?"

"तिच्या भल्याचंच सांगेन की. तिथं तिच्यासारखीच मुलं असतात. इथं मागं पडते."

"बस पहाटेच्या अजानला सुटते. तिचा बाप तिला बसमध्ये घालणार नाही, घरी बसवणार. हे तुम्हाला माहीत आहे. गावाला माहीत आहे."

बाई हातातल्या काड्या निवडत राहिल्या. त्यांना ते माहीत होतं. हिशेबात धरलं नव्हतं एवढंच.

फिद्दानं आपली ताडपत्री झटकली. दाणे बाईंच्या ताडपत्रीवर नीट ओतले, एकही स्वतःकडे राहू दिला नाही. मग शिडीचे तीन पाय मिटवले, खांद्यावर घेतली आणि पोरीला पुढं घालून बांध ओलांडला. झाड अर्धं विंचरलेलं, अर्धं भरलेलं. नेमकी शुक्रवारच्या नमाजाची वेळ. अख्खं गाव मशिदीकडे निघालेलं, आणि फिद्दा उलटी, शिडी घेऊन, सगळ्यांच्या मधून. पुरुषांनी वाट दिली. कुणी विचारलं नाही. दगडी चेहऱ्याची बाई आणि उचललेली शिडी, एवढ्यावरून आमच्याकडे सगळं वाचता येतं.

*

शनिवारी सकाळी अबू गालिब चहात सेजची सुगंधी पानं टाकत होता. बांधाकडे पाहिलं आणि किटली तशीच ठेवून ओरडला,

"नजमिया! हल्ला!"

बांधावरून बायका उतरत होत्या. प्रत्येकीच्या हातात बादली नाही तर पोतं. पुढं म्हातारी शाहा, दोन दात आणि दोन माणसांचा आवाज. नजमियाबाई अंबाडा बांधत धावत आल्या.

"शाहा मावशी, हे काय?"

"वेचणी."

"अगं, उतरवणी झाली कुठं माझी? झाडं भरलीयत!"

"आम्ही झाडं बघत नाही बाई, शिडी बघतो. काल शिडी उठली. नमाजाला जाणाऱ्या गावानं बघितली. शिडी उठली की झाड मोकळं."

"डोळे आहेत ना तुला?"

"एक आहे. तेवढ्यानं शिडी दिसते."

बायका हसल्या. मग बाईंची नजर त्यांच्या मागं गेली. चष्मा डोक्यावर, हातात निळी बादली घेऊन विजदान उभी होती. बाईंचा विश्वास बसेना.

"तूसुद्धा?"

"मावशी म्हणाल्या चल," विजदान संकोचून म्हणाली. "आणि तुम्हीच नाही का म्हणाला होता बाई, राहील ते तू वेच म्हणून? मला वाटलं हेच ते."

शाहाची मान गर्रकन वळली. "हे असं म्हणाली ही तुला? शाळेत?"

"हो. रोजच म्हणतात."

विजदानला आपण काय बोललो ते त्या बायकांच्या चेहऱ्यांवरून कळायला लागलं. तिनं बादली खाली ठेवली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

एकीनं तोवर फांदीला हात घातला होता. ते पाहून नजमियाबाईंचा तोल सुटला. फांदीचं दुसरं टोक त्यांनी धरलं आणि वर्गातल्या आवाजात बोलायला लागल्या.

"खबरदार! उन्हाकडचं आधी पिकतं, सावलीतलं मागाहून पिकतं. मागाहून पिकलं म्हणून ते काय टाकलेलं झालं? तेल त्यातही तेवढंच असतं. त्याला वेळ लागतो, एवढंच! माझ्याच झाडाचं आहे ते. मी हात लावलेला नाही अजून त्याला, आणि तुम्ही त्याला वेचणी म्हणता?"

 अबू गालिब खोकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या बोलण्यावर हसायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि शहाणपणानं त्यानं ती खोकल्यात घालवली.

शाहानं तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली.

"छान सांगतेस गं. वर्गातही असंच शिकवतेस का?"

बाईंनी फांदी सोडली. फांदी वर गेली आणि चार दाणे त्यांच्याच डोक्यावर पडले.

"हे बघ," शाहा म्हणाली, "आम्ही लुटारू नाही. दुपारच्या अजानपर्यंत बांधावर बसतो. शिडी परत टेकली तर उठून जातो. नाही टेकली तर आमचं."

"अबू गालिब, जा कुणाची तरी शिडी..."

"कुणाची तरी नाही. जी उठली तीच टेकली पाहिजे."

आणि बायका बांधावर ओळीनं बसल्या. अबू गालिबला त्यांना चहा द्यावा लागला. लुटायला आलेल्यांनाही चहा न देता बसवणं आमच्यात होत नाही.

*

फिद्दाच्या अंगणात कणीक मळणं चाललं होतं. शिडी भिंतीला टेकलेली, सगळ्यांना दिसेल अशी. नजमियाबाई दारात उभ्या राहिल्या. एरवी त्या दारात थांबत नसत.

"फिद्दा, शिडी दे."

"धुवायला काढलीय."

"शिडी कुणी धुतं का?"

"या वर्षी घाण लागलीय तिला."

बाई दारातून आत आल्या. "पोरांनी नाव ठेवलं, मी नाही. पण मी ऐकलं आणि गप्प बसले. बास?"

"अर्धं झालं." फिद्दानं पिठाचा गोळा आपटला. "माझी पोरगी कोपऱ्यात बसणार नाही. आणि त्या मफ्रकच्या पोरीला तुम्ही झाडाखाली ताटकळत ठेवणार नाही. दोघी एका वेळी झाडाला लागा. जशी मी वर आणि तुम्ही खाली."

"वर्ग माझा आहे, फिद्दा."

"आणि शिडी माझी आहे, गालिबच्या आई."

आत कुठंतरी सनाबिल मांजरीशी बोलत होती, तिच्या आवाजात आणि मांजरीच्याही आवाजात.

"कचेरीच्या बाईंना मी खोटं सांगणार नाही," नजमियाबाई म्हणाल्या.

"खोटं कशाला? ऐका आणि मग सांगा. अजून तुम्ही तिला वाचताना ऐकलंच नाही."

"रोज ऐकते!"

"रोज तुम्ही वाचता. ती घरी येऊन मला काय सांगते, माहीत आहे? म्हणते, आई, मिस माझे शब्द घेतात."

यावर बाईंकडे उत्तर होतं. त्या ते देणारच होत्या. तोंड उघडलं, आणि मग त्यांनी ते मिटलं. असं त्यांच्या हातून क्वचितच घडत असल्यामुळं फिद्दानं हात धुतले आणि शिडीकडे गेली.

"चला. पण एकटी नाही नेणार मी. काल एकटीनं नेली. आज दुसरं टोक तुम्ही धरा."

अशी ती शिडी परत गेली. दुपारच्या अजानच्या आत, बाजाराच्या रस्त्यानं, पुढचं टोक शिक्षिकेच्या खांद्यावर आणि मागचं फिद्दाच्या. ज्यांनी आदल्या दिवशी तिला जाताना पाहिलं होतं ते सगळे मुद्दाम दुकानाच्या पायऱ्यांवर बसले होते. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडलं.

"बाई, वजन जास्त आहे का?" त्यानं काळजीनं विचारलं.

"तुझ्या तिसरीच्या निकालापेक्षा हलकं आहे," बाई न थांबता म्हणाल्या. त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

*

शिडी टेकली तशा वेचणीच्या बायका उठल्या. विजदान उठली नाही. "मी मदत करू?" तिनं विचारलं. हात कमी होते आणि वारा जोरात होता, म्हणून बाईंनी तिला झाडाखाली घेतलं. तिनं पहिली गोष्ट काय केली, तर काठी उचलून फांदीवर धाडकन मारली.

"अगं! मारू नकोस! पुढच्या वर्षीचे कोंब तुटतात. काठी टाक, फांदीच्या मुळाशी धर, बोटं सैल सोड, आपल्याकडे ओढत ये, पान सोड, दाणा घे, आणि पाय ताडपत्रीवर देऊ नकोस, दाणा चिरडतो!"

विजदाननं काठी टाकली आणि पाय दिला तो नेमका ताडपत्रीवर.

"इतकं सांगूनही लक्षात राहत नाही तुझ्या?"

"नाही राहत बाई," ती घाम पुसत सरळपणानं म्हणाली. "एका दमात इतकं सांगितलंत, त्यातलं मला पहिलं तेवढं कळलं, काठी टाक. ती टाकली. एकेक सांगा ना. एक जमलं की पुढचं."

शिडीवरून फिद्दा खाली बघत होती. ताडपत्रीच्या कडेला बसलेली सनाबिलही बघत होती. नजमियाबाईंनी दोघींकडे पाहिलं, मग विजदानचा हात धरून फांदीच्या मुळाशी ठेवला.

"इथं धर."

"धरलं."

"आता ओढ. हळू."

दाणे पडले. थोडीशी पानंही पडली, पण दाणे जास्त. सनाबिलनं टाळी वाजवली. विजदाननं मागं वळून तिला विचारलं, "पुढचं काय गं?" आणि सनाबिल गंभीरपणे म्हणाली, "आता पुढची फांदी, मिस. घाबरू नका."

संध्याकाळपर्यंत विजदानची ओढणी दोनदा फांदीत अडकली, एकदा ती स्वतः अडकली. जेवायला टोमॅटोचं कालवण आणि ताबूनच्या भट्टीतली गरम रोटी होती. बाईंनी पहिला घास तिला दिला. माफी वगैरे मागितली नाही. वयानं मोठ्या माणसांची माफी आमच्याकडे रोटीत गुंडाळूनच येते.

*

वर्गातलं मात्र एवढ्यानं जमलं नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली, तेव्हा दोघी फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकाच वेळी बोलायला लागल्या. मुलांच्या माना इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मिस, कुणाचं ऐकू?" सत्तामनं विचारलं.

"माझं," दोघी म्हणाल्या.

मग बाईंनी झाडाचाच कायदा लावला. एक वर, एक खाली. बाई धडा वाचत, तेव्हा विजदान बाकांमधून फिरे, पुढं काय करायचं ते एकेक करून सांगे, आणि बोट भरकटलं तिथं अलगद आणून ठेवी. मग वर्गाच्या दोन टोळ्या, हुशार-मठ्ठ न बघता केलेल्या, एक हिच्याकडे, एक तिच्याकडे, आणि थोड्या वेळानं टोळ्यांची अदलाबदल. कोपऱ्यातली खुर्ची बिशरनं चढून नकाशा बघायला नेली.

फटीची पुठ्ठ्याची पट्टी बाईंनी सगळ्यांनाच करायला लावली, म्हणजे ती कुणा तिघांची राहिली नाही. रद्दादनं आपल्या पट्टीवर चित्रं काढली. बाईंची स्वतःची पट्टी हजेरीपटात असायची. डोळे तपासायला त्या शहरात जात नव्हत्या आणि ओळी आताशा त्यांच्याही एकमेकींवर चढत होत्या. हे फक्त विजदाननं पाहिलं आणि मनात ठेवलं.

आणि वेचणी हा शब्द वर्गात ज्यानं काढला, त्याला मधल्या सुट्टीत सनाबिलकडून म्हाताऱ्याच्या खोकल्याची गोष्ट ऐकायला मिळायची नाही. हा नियम मुलांनीच केला. बाईंना तो आपण केला नाही याचं थोडं वाईट वाटलं.

अवघड होतं ते एकच. सनाबिल बाईंच्या टोळीत आली आणि एखाद्या अक्षराशी थांबली, की बाईंच्या तोंडात तो शब्द वळवळायला लागायचा. दाताच्या आत ढकलला तरी ओठ हलायचे, आणि सनाबिल पुस्तक सोडून त्यांच्या ओठांकडे बघायची. शेवटी एक दिवस त्यांनी डोक्यावरच्या ओढणीचं टोक ओढून तोंडात धरलं.

"मिस, भूक लागली?" बिशरनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. बोलायची सोय नव्हती.

*

घाण्यावर तेल निघून डबे घरी आले त्याच आठवड्यात कचेरीतल्या बाई आल्या. चकचकीत बूट, हातात लेखणी, थंडीनं लाल झालेलं नाक. त्या मागं बसल्या. दारातून फिद्दा दिसत होती. पोरीचा डबा घरी विसरला म्हणून द्यायला आली होती ती, आणि डबा हातात घेऊन तशीच उभी होती.

धडा एका गाढवाचा होता, ओढा ओलांडायला तयार नसलेल्या. टोळ्या झाल्या, वाचन झालं, मग कचेरीच्या बाई म्हणाल्या, "सनाबिल कोण? वाचशील?"

सनाबिल उठली. पट्टी ठेवली. पहिली ओळ आली, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. दुसऱ्या ओळीत ती थांबली. "ओ" म्हणाली आणि थांबली.

 नजमियाबाईंचा हात ओढणीच्या टोकाकडे गेला. सत्तामनं सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी दुसऱ्या हातानं त्याचं तोंड झाकलं. विजदान खिडकीपाशी उभी होती, ती जागची हलली नाही. तिनं फक्त पट्टीकडे बोट केलं. सनाबिलनं पट्टी जराशी सारखी केली. बाहेर एक गाढव खरंच ओरडलं आणि कुणीही हसलं नाही. एवढा वेळ गेला, की कचेरीच्या बाईंनी लेखणीचं टोपण काढलं. नजमियाबाईंचे डोळे पाणावले होते. दात ओढणीत रुतले होते, त्यानं असेल.

"ओढ्या," सनाबिल म्हणाली. "ओढ्याच्या. काठाला. आलं."

पुढं तिनं दोन शब्द चुकवले. एक स्वतःच मागं येऊन दुरुस्त केला, एक तसाच राहिला. पान संपलं. "समजलं काय यात?" असं विचारल्यावर तिनं गाढवाचं म्हणणं गाढवाच्या आवाजात आणि मालकाचं म्हणणं हुबेहूब अबू गालिबच्या आवाजात सांगितलं, "डावा पाय! डावा!" करून. वर्ग खदखदून हसला. दारात फिद्दाच्या हातातला डबा वाजला.

कचेरीच्या बाई हसू आवरून पुढं आल्या.

"तुमचं काय मत, नजमियाबाई? ठेवायचं की पाठवायचं?"

बाईंनी ओढणी तोंडातून काढली. खिडकीकडे एकदा पाहिलं. ऊन छान येत होतं.

"सावलीतलं आहे, मागाहून पिकतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्याच झाडाचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवायचं. आणि हिलाही ठेवायचं," त्यांनी विजदानकडे बोट केलं. "हिला अजून फांदी धरता येत नाही नीट. पुढच्या हंगामापर्यंत शिकवावं लागेल."

*

आता कुणाला काय खर्च पडला ते बघू.

फिद्दाला काही खर्च पडला नाही. उलट तिच्या घरची उतरवणी बाई आणि विजदान दोघींनी मिळून करून दिली. सादच्या बापाला टँकर पुसत असताना पोरीनं टाकीवरची सगळी अक्षरं वाचून दाखवली, त्यातला मालकाचा फोन नंबरही आला. वेचणीच्या बायकांची शनिवारची सकाळ फुकट गेली, म्हणून बाईंनी बांधाकडची दोन झाडं न उतरवताच त्यांना सोडून दिली. शाहा म्हणते, शिडी दर वर्षी उठावी. अबू गालिबला त्या सगळ्यांचा चहा पडला, आणि आता गावातली पोरं त्याला बघून "डावा! डावा!" ओरडतात, हा वेगळा भुर्दंड. तालुक्यात तिसरीचा निकाल पहिला यायचा तो यंदा चौथा आला. न्हाव्यानं बाईंना त्याची आठवण करून दिली आणि आठवडाभर दुकानात कुणी दाढीला गेलं नाही, कारण बाई समोरच्या पायरीवर बसून होत्या.

खिडकीखाली आता सनाबिलचा बाक आहे. उजेड बरा पडतो, ओळी ठळक दिसतात, आणि रस्त्यानं कोण कुणाच्या घरी जातं ते बाईंना मधल्या सुट्टीत ती आवाजांसकट सांगते.

बाकी सगळं बाईंनीच भरलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या तीन ओढण्यांची टोकं चावून चावून चाळण झाली आहे. गालिब कुवेतहून चौथी पाठवतोय, जरा जाड विणीची.